मोटारीचा अंगरखा

दिवाळीपूर्वीची साफसफाई म्हणजे आपल्या मध्यमवर्गीय घरांतला दरवर्षी नव्याने उभा राहणारा एक दिवाणी दावाच असतो. वादी घरची गृहिणी, प्रतिवादी घरधनी, आणि वादाची मिळकत म्हणजे माळ्यावरचा गंजका पेटारा, न फिरणारा पंखा किंवा 'कधीतरी लागेल' म्हणून जपलेली एखादी फळी. बदलापूरच्या शिरगावात आमच्या मामांच्या घरी हा दावा गेली तीसएक वर्षे चालू होता. तिथली मिळकत मात्र जरा वजनदार होती. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एका मोटारीचा सांगाडा उभा होता. चार चाके, दोन लोखंडी दांडे, त्यांवर शिवणयंत्राहून फार मोठे न वाटणारे इंजिन आणि सुकाणूचे चाक. अंगावर पत्र्याचा तुकडा नाही की बसायला आसन नाही. मामी त्यावर पापडांची चादर वाळत घालीत असत.

दोन वर्षांपूर्वी नवरात्रात मामींनी कोणालाही न विचारता भंगारवाल्याला बोलावले. तो आला, त्याने सांगाड्याला एक प्रदक्षिणा घातली आणि किलोचा भाव सांगितला.

"अहो, हा मनुष्य आत्ताच्या आत्ता न्यायला तयार आहे. एकदाचं हो म्हणा," मामी म्हणाल्या.

मामा काही बोलले नाहीत. ते आत गेले आणि कपाटातून एक पिवळट पडलेला फोटो घेऊन बाहेर आले. फोटोत आमचे आजोबा उभे होते. ते गावोगाव फिरणारे डॉक्टर होते. डोक्याला रुमाल, अंगात काळा कोट आणि हात एका इवल्याशा मोटारीच्या मडगार्डवर. मोटार मोठी गोजिरवाणी होती. नाक लाडवासारखे गोल, पाठ अंड्याच्या टोकासारखी निमुळती, वरचा रंग एक आणि खालचा दुसरा. एका परतणाऱ्या साहेबाकडून आजोबांनी ती घेतली होती, असे घरात सांगत.

"हिला विकायचं म्हणजे दादांना किलोवर विकायचं," मामा म्हणाले.

मामींनी फोटो हातात घेतला, बराच वेळ पाहिला, आणि मग त्यांनी जो निकाल दिला तो कोणत्याही न्यायमूर्तीला शोभला असता. "मग निदान हिला कपडे तरी शिवा. अशी उघडीनागडी किती वर्षं ठेवणार?"

भंगारवाला चहा पिऊन गेला, आणि आमच्या घरात एक खटाटोप सुरू झाला. मी मराठीचा प्राध्यापक. मोटारीशी माझा संबंध तिच्यात मागे बसण्यापुरता. तरी मामांनी मला या कामात ओढले, आणि त्याला कारण होते. मामांना काचबिंदू आहे. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत उभी हयात यंत्रांपुढे घालवलेल्या या माणसाची नजर कडेकडेने मिटत चालली आहे. औषधाने ती थोपवता येते, गेलेली परत आणता येत नाही. "वाचायला, लिहायला मला तू हवास," ते म्हणाले, आणि मग हळूच, "आणि मला दिसतंय तोवर हे व्हायला हवं."

सात घोड्यांची 'बेबी'

ज्यांच्या घरात कोणी ऐंशीच्या पुढचे असेल, त्यांनी त्यांच्यापुढे 'बेबी ऑस्टिन' हे दोन शब्द उच्चारून पाहावेत. चेहरा उजळल्याशिवाय राहत नाही. एके काळी आपल्याकडे डॉक्टर, वकील, एखादे हौशी प्रोफेसर यांच्या दारात दिसणारी ही मोटार. तिचे खरे नाव ऑस्टिन सेव्हन.

तिच्या जन्माची कथा ऐकण्याजोगी आहे. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडातला हर्बर्ट ऑस्टिन हा कारखानदार कर्जात बुडाला होता. १९२१ साली तिथे मोटारीवर घोड्यांच्या हिशेबाने कर बसला. जितकी अश्वशक्ती, वर्षाला तितके पौंड. ऑस्टिनच्या मनात आले की सामान्य कुटुंबाला परवडेल अशी लहान मोटार काढावी. त्याच्या संचालकांना हे वेड वाटले. तेव्हा या गृहस्थाने कारखान्यातल्या स्टॅन्ले एज नावाच्या अठरा वर्षांच्या आरेखक मुलाला हाताशी धरले आणि स्वतःच्या घरी बसून मोटारीची आखणी केली. १९२२ साली ती लोकांपुढे आली तेव्हा किंमत होती १६५ पौंड. इंजिन आधी ६९६ आणि लवकरच ७४७ घनसेंटिमीटरचे, म्हणजे आजच्या दोन चांगल्या मोटारसायकलींच्या बेरजेइतके. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंतचे अंतर ७५ इंच, दोन चाकांमधली रुंदी ४० इंच. सुरुवातीचे वजन साडेतीनशे किलोच्या आसपास. आणि एवढ्याशा मोटारीत चार माणसे!

लोक हसले, आणि मग रांगा लावून घेऊ लागले. १९३९ सालापर्यंत अशा सुमारे २ लाख ९० हजार मोटारी निघाल्या. जर्मनीत 'डिक्सी' या नावाने तिची परवानगीने नक्कल निघाली. ती कंपनी १९२८ साली बीएमडब्ल्यूने विकत घेतली, म्हणजे आज श्रीमंतीची खूण मानल्या जाणाऱ्या त्या मोटारींचे पहिले पाऊल या बेबीच्या बोटाला धरून पडले. फ्रान्स आणि अमेरिकेतही तिची भावंडे निघाली.

सर्वांना परवडेल अशा लहान मोटारीचे हे स्वप्न आपल्या मातीतही पडले होते, हे इथे सांगितलेच पाहिजे. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ साली आपल्या 'मीरा' मोटारीचा पहिला नमुना तयार केला आणि पुढे कितीतरी वर्षे ते तिच्यात सुधारणा करीत राहिले. ती मोटार कारखान्यातून कधी बाहेर पडू शकली नाही. ऑस्टिनलाही त्याच्या माणसांनी वेड्यातच काढले होते, फक्त त्याच्यापाशी स्वतःचा कारखाना होता. असो.

शिंप्याकडचे माप

आता मूळ मुद्दा अंगरख्याचा. पूर्वी मोटार आणि तिची बॉडी या दोन वेगळ्या वस्तू असत, हे आजच्या वाचकाला चमत्कारिक वाटेल. कारखान्यातून सांगाडा घ्यायचा, त्यालाच चॅसिस म्हणतात, आणि तो एखाद्या नामांकित 'कोचबिल्डर'कडे नेऊन आपल्या पसंतीची बॉडी शिवून घ्यायची. कापड एका दुकानातून घ्यावे आणि शिलाई दुसरीकडे करावी, तसा प्रकार. हे कोचबिल्डर मूळचे घोडागाड्या बांधणारे, म्हणून त्यांचे नाव कोचवरून पडले. आणि 'कोच' हा शब्द हंगेरीतल्या कोच नावाच्या गावावरून आला. तिथल्या गाड्या पंधराव्या-सोळाव्या शतकात प्रसिद्ध होत्या. म्हणजे आपण 'कोचमन' म्हणतो तेव्हा एका परक्या गावाचे नाव घेत असतो.

आपल्या राजेरजवाड्यांनी ही हौस पुरेपूर भागवली. राजकोटच्या ठाकूरसाहेबांची १९३४ सालची 'स्टार ऑफ इंडिया' ही रोल्स-रॉइस लंडनच्या थ्रप अँड मेबर्लीने सजवली होती. कोल्हापूरच्या दसऱ्याला राजघराण्याची जुनी मेबॅक मोटार बाहेर निघते, ती पाहायला आजही गर्दी लोटते.

पण इतके दूर जायलाच नको. आपली एस.टी. घ्या! १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली बस धावली. तेव्हापासून पुढच्या काळात एस.टी.ने हजारो गाड्यांच्या बॉड्या दापोडी, चिकलठाणा आणि नागपूरजवळच्या हिंगणा इथल्या आपल्या कार्यशाळांत बांधल्या. कंपनीकडून नुसता सांगाडा यायचा आणि त्यावर लाल अंगरखा इथे चढायचा. मुंबई-पुणे रस्त्यावर तोंडाला फडके आणि डोळ्यांना गॉगल लावून उघड्या सांगाड्यावर बसलेला ड्रायव्हर तुम्ही पाहिला असेल. तो कुठे जातो असे मुले विचारतात. तो शिंप्याकडे जात असतो.

चिमणपाखराची मोटार

मामांच्या फोटोतली मोटार कारखान्याच्या नेहमीच्या बॉडीची नव्हती. तिचे गोल नाक आणि निमुळती पाठ पाहून जाणकारांनी निर्वाळा दिला की ही 'ऑस्टिन सेव्हन स्वॅलो'. स्वॅलो म्हणजे आपली पाकोळी.

१९२२ साली इंग्लंडातल्या ब्लॅकपूल या समुद्रकाठच्या गावी विल्यम लायन्स आणि विल्यम वॉम्सली या दोन तरुणांनी मोटारसायकलींना जोडायच्या साइडकार बनवण्याचा धंदा काढला. लायन्स तेव्हा जेमतेम एकवीस वर्षांचा. दोघांच्या वडिलांनी हमी दिली तेव्हा बँकेने १,००० पौंडांची उचल मंजूर केली. १९२७ साली त्यांनी ऑस्टिन सेव्हनचे सांगाडे घेऊन त्यांवर आपली दोन आसनी बॉडी चढवायला सुरुवात केली. किंमत १७५ पौंड. आत लाकडाचा साचा, वर अल्युमिनियमचा पत्रा, दुरंगी रंगकाम. साधी बेबी ज्यांच्या घरी होती त्यांना वाटू लागले की थोडे अधिक पैसे टाकले तर आपल्यालाही श्रीमंतासारखे मिरवता येईल. लंडनच्या हेन्लीज या विक्रेत्यांनी एकदम ५०० गाड्यांची मागणी केली. १९२८ च्या अखेरीस कारखाना कॉव्हेंट्रीला हलला. १९३२ पर्यंत ऑस्टिन सेव्हनवर साडेतीन हजारांच्या आसपास स्वॅलो बॉड्या चढल्या असे मानतात. पुढे याच कंपनीने स्वतःच्या मोटारी काढल्या आणि १९४५ साली नाव घेतले जॅग्वार! पाकोळीचा असा बिबट्या झाला.

साडेतीन हजार हा आकडा मोठा वाटतो, पण त्यांतल्या फार थोड्या आज उरल्या आहेत. सांगाडा लोखंडाचा, तो टिकतो. बॉडीतले लाकूड मात्र ओल धरते, सांधे सैल पडतात, पत्रा लोंबू लागतो. कोकणाला लागून असलेल्या आमच्या हवेत तर चार महिने पावसाचे आणि बारा महिने वाळवीचे. आजोबांच्या पश्चात कधीतरी बॉडीचा भुगा झाला आणि पत्रा कोणा कासाराच्या मोडीत गेला.

फोटोवरून माप

नकाशा असता तर काम सोपे होते. पण लायन्सची पद्धत अशी की तो कागदावर फारसे आखतच नसे. सिरिल हॉलंडसारख्या कसबी कारागिराला जवळ उभे करून तो प्रत्यक्ष लाकूड-पत्र्यातच आकार घडवून घेई, डोळ्याला पटेपर्यंत बदलत राही. तेव्हा आमच्यापाशी साधन काय, तर एक फोटो आणि इंग्लंडातल्या ऑस्टिन सेव्हनच्या हौशी मंडळींनी मोठ्या अगत्याने पाठवलेली वाचलेल्या गाड्यांची छायाचित्रे.

इथे मामांच्या अंगातला फॅक्टरीतला माणूस जागा झाला. "दोन चाकांमधलं अंतर किती?" त्यांनी मला विचारले. मी कागद पाहून सांगितले, "७५ इंच." "फोटो एवढा मोठा करून आण की ते अंतर बरोबर १५ सेंटिमीटर भरेल." मी आणला. "आता फोटोतला एक सेंटिमीटर म्हणजे गाडीवरचे पाच इंच. घे पट्टी!" त्रैराशिक शाळेत शिकवतात ते असे कधीतरी उपयोगी पडावे म्हणूनच! पण त्यातही एक मेख आहे. कॅमेऱ्याला जो भाग जवळ तो मोठा दिसतो, दूरचा लहान. फोटो थोडा तिरका असला की सारी मापे फसतात. म्हणून अगदी बाजूने काढलेला फोटो लांबी-उंचीला धरायचा, मागून काढलेला रुंदीला, आणि दोन्हींचा ताळा सांगाड्यावरच्या खऱ्या भोकांशी घालायचा. आजकाल परदेशांत वाचलेल्या गाडीवर यंत्राचा किरण फिरवून संगणकात तिचा हुबेहूब आकार उतरवून घेतात. आम्ही मात्र जुन्या कोचबिल्डरांसारखेच केले. प्लायवुडच्या मोठ्या फळ्यांवर खऱ्या मापाचे चित्र पेन्सिलीने आखले. मामींच्या दिवाणखान्याची भिंत त्यात तीन महिने गेली.

सुतार आणि तांबट

इंग्लंडात अशा बॉडीचा साचा अ‍ॅश नावाच्या लाकडाचा करीत. मॉर्गन कंपनीच्या मोटारींच्या बॉडीत आजही ते वापरतात. ते हलके, चिवट आणि वाकवले तर न तडकणारे. आपल्याकडे ते कुठले? उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात काम करणारे मूळचे कोकणातले एक वयस्कर सुतार आम्हाला भेटले. त्यांना आम्ही नानाच म्हणू लागलो. त्यांनी फोटो पाहिला, सांगाडा हाताने दाबून पाहिला आणि एक शहाणा प्रश्न विचारला. "मास्तर, ही गाडी चालताना वाकत असेल ना हो?"

अगदी बरोबर होते. ऑस्टिन सेव्हनचा सांगाडा इंग्रजी 'ए' अक्षरासारखा आहे. पुढे दोन दांडे एकत्र येतात, मागे फाकतात. खड्ड्यात एक चाक गेले की तो पिळला जातो. त्यावर ताठ लोखंडी बॉडी घट्ट आवळली तर ती तडकणारच. लाकडाचा साचा थोडा देतो, थोडा घेतो, नांदत्या संसारासारखा. गॉर्डन इंग्लंड नावाच्या एका विमानविद्येतल्या माणसाने तर याच सांगाड्यावर बॉडी तीनच ठिकाणी टेकवायची युक्ती काढली होती, म्हणजे सांगाड्याचा पीळ बॉडीपर्यंत पोहोचूच नये.

"मग सरळ भागाला जुनं सागवान आणि वळणाला तुती," नाना म्हणाले. तुतीचे लाकूड! हॉकीच्या काठ्या ज्याच्या वाकवतात तेच. वाफ देऊन त्यांनी तुतीच्या पट्ट्या अशा वळवल्या की पाहत राहावे. गाडीचे आरे, तुंबा आणि धाव यांची नावे ज्या बोलीत अजून जिवंत आहेत, त्या बोलीतला हा माणूस. त्याला कॉव्हेंट्रीची बॉडी परकी वाटली नाही.

पत्र्याचे काम मात्र अडले. गॅरेजात डेंटिंग करणारे पुष्कळ, पण सपाट पत्र्यातून अंड्याच्या टोकासारखा आकार ठोकून काढणारा कोणी मिळेना. शेवटी वाट दाखवली ती मामींनी. त्या माहेरच्या पुण्याच्या. "तांब्याचा बंब कोण घडवतो? तांबट. त्याला विचारा की," त्या म्हणाल्या.

पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी पेशवाईपासून प्रसिद्ध. तिथले कारागीर तांब्यावर ओळीने हातोडी मारून मठारकाम करतात. त्या लहान लहान ठोक्यांनी भांड्याला चकाकी येते आणि बळकटीही. त्या आळीतले एक निवृत्त तांबट अंबरनाथला मुलाकडे राहतात असे कळले. मुलगा बँकेत, नातू संगणकावर, ऐरण कॉटखाली. त्यांना आणायला आम्ही गेलो तेव्हा काका आधी नाहीच म्हणाले. "अल्युमिनियम माझा धातू नाही," ते म्हणाले. मग फोटो पाहिला आणि विचारले, "हे ढुंगण एका पत्र्याचं आहे की दोन?" म्हणजे काम घेतले.

धातूचा स्वभाव सांगतो. पत्रा ठोकत गेले की तो आखडतो, कडक होतो आणि शेवटी चिरतो. तो पुन्हा मऊ करायचा तर तापवावा लागतो. तांबे तापले की लाल होते, कारागिराला कळते. अल्युमिनियमची गंमत वेगळी. ते ६६० अंशांवर वितळते, पण तोवर लालही होत नाही. आत्ता आहे म्हणेतो समोर भोक! काकांचे पहिले दोन पत्रे असेच गेले. तिसऱ्या वेळी मी इंग्रजी पुस्तकातली युक्ती वाचून दाखवली. पत्र्यावर आधी कपड्याचा साबण घासायचा, आणि तो काळपट तपकिरी झाला की ज्योत बाजूला करायची, पत्रा मऊ झाला. काकांनी साबणाची वडी हातात घेतली. "हे आधी सांगायचं की राव!" ते म्हणाले. त्या दिवसापासून अल्युमिनियम त्यांचा धातू झाला. वाळू भरलेल्या चामड्याच्या पिशवीवर पत्रा ठेवून लाकडी मोगरीने खोलवा द्यायचा, मग लोखंडी गोळ्यावर धरून गुळगुळीत करायचा, साच्यावर लावून पाहायचा, पुन्हा काढायचा. एका शेपटीला सात आठवडे लागले.

खरी की खोटी?

इथवर सारे कौतुकाचे. पण गेल्या पावसाळ्यात आमच्यात चांगलेच वाजले, आणि तेही एका पितळी बिल्ल्यावरून.

मामांना बॉडीवर स्वॅलो कंपनीचा बिल्ला हवा होता. अशा बिल्ल्यांच्या नकला परदेशात मिळतात. मी म्हटले, "मामा, ही बॉडी स्वॅलोने केलेली नाही." ते चिडले. "आकार त्यांचा, सांगाडा तोच, गाडी दादांची. मग खोटं काय आहे?"

प्रश्न साधा नाही. आमच्या शेजारच्या अंबरनाथचे शिवालय इ.स. १०६० चे. त्यातल्या एखाद्या भग्न मूर्तीला कोणी सिमेंटचा नवा हात करून बसवला आणि हजार वर्षांचा म्हणून दाखवला, तर आपण हळहळू. उलट आजीची गोधडी फाटली, तिला नवे ठिगळ लावले, तर ती आजीचीच गोधडी राहते. मोटार ही मूर्ती मानायची की गोधडी? जुन्या वाहनांच्या 'फिवा' या आंतरराष्ट्रीय संस्थेने ट्यूरिनची म्हणून एक सनद केली आहे. तिचा सारांश असा, की नवे काही केले तर ते नवे म्हणून ओळखू यावे आणि त्याची नोंद ठेवावी. कारण दुर्मिळ बॉडीची नक्कल करून ती अस्सल म्हणून विकण्याचे प्रकार जगात होतात, आणि त्यात घेणारा फसतो ते फसतोच, पण खऱ्या उरलेल्या गाड्यांचा इतिहासही गढूळ होतो.

आपल्या सरकारचाही नियम आहे. जुलै २०२१ च्या अधिसूचनेनुसार पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकीला 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते. त्यांच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे. अशी गाडी रोज बाजाराला न्यायची नाही. प्रदर्शन, मेळावे, दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर यायची. आणि मुख्य अट ही, की वाहन मूळ रूपात हवे. सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. आता जिची मूळ बॉडीच वाळवीने खाल्ली, तिच्यावर त्याच घडणीची नवी चढवली, तर ते 'मूळ रूप' की 'फेरफार'? ते राज्याची समिती ठरवील. समितीने नाही म्हटले तर दोन वर्षांचा खटाटोप आणि मामांच्या मुदत ठेवीतला बराच भाग शेडमध्येच राहील. मामांना हे ठाऊक आहे. बिल्ला लावून प्रश्न मिटवण्याचा मोह त्यातूनच झाला होता.

हा वाद मिटवला तांबट काकांनी. ते शेपटी घासत बसले होते. "साहेब," ते मामांना म्हणाले, "पन्नास वर्षं भांडी घडवली. लग्नाच्या भांड्यावर नाव घालतात ते देणाऱ्याचं. घडवणाऱ्याचं कधी कोणी घातलं नाही. त्याचं मला काही नाही. पण दुसऱ्या घडवणाऱ्याचं नाव माझ्या कामावर नको."

शेडमध्ये कोणी काही बोलले नाही. मामा उठून घरात गेले.

संध्याकाळी त्यांचा मला फोन आला. "कागद घे, लिही," ते म्हणाले. दोन ओळींची पितळी पट्टी करायची ठरली. पहिली ओळ : 'मूळ घडण स्वॅलो, कॉव्हेंट्री'. दुसरी ओळ : 'ही बॉडी शिरगाव, बदलापूर'. आणि तिच्याखाली नाना सुतारांचे आणि तांबट काकांचे नाव. समितीपुढे जायचे ते ही पट्टी लावून, प्रत्येक टप्प्याचे फोटो आणि आजोबांचा फोटो सोबत घेऊन. मान्य झाले तर आनंद. न झाले तर गाडी अंगणात उभी राहील, पण खोटे बोलून उभी राहणार नाही.

यंदाची दिवाळी

वाचकांना वाटेल, आता शेवटी गाडी वाजतगाजत रस्त्यावर निघाली असे मी लिहीन. तसे काही झालेले नाही. दारे अजून व्हायची आहेत, आसनांना गादी नाही, रंग कोणता यावर मामा आणि मामी यांचे एकमत नाही, कारण काळ्यापांढऱ्या फोटोत रंग काय दिसणार! लाकडी साचा पूर्ण आहे, गोल नाक आहे, आणि मागे ती शेपटी चकाकते आहे.

परवा मी गेलो तेव्हा काका शेपटीवरून शेवटचा हात फिरवीत होते. डोळे मिटून. मी कारण विचारले. ते म्हणाले, "डोळा फसतो मास्तर. उजेड पडला की खोलवा दिसत नाही. पत्रा तळहातानं बघायचा असतो."

मामा शेजारीच उभे होते. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, हात पुढे केला आणि डाव्या कडेपासून हळूहळू पत्र्यावरून तळवा फिरवू लागले. यंत्रांपुढे उभी हयात घालवलेला तो हात. मध्याच्या थोडा खाली तो थांबला.

"इथे," मामा म्हणाले. "इथे जरा बसलाय."

काकांनी तिथे आपला हात ठेवला, क्षणभर चाचपले आणि मोगरी उचलली.

"बरोबर आहे, साहेब," ते म्हणाले. "माझ्या हातून सुटलं होतं."

मामींनी तेवढ्यात चकल्यांची ताटली आणली आणि बजावले, की लक्ष्मीपूजनाच्या आत शेड झाडून झाली पाहिजे. भंगारवाल्याचे नाव मात्र यंदा कोणी काढले नाही.